वेगाचं बिल कोण भरतं?

मुंबई-आग्रा महामार्गानं धुळं मागे टाकलं की सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर करत गाडी राज्याबाहेर पडते. मग बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदेवरचा पूल आणि इंदूरच्या अलीकडे पीथमपूर. तिथे सुमारे हजार एकरांवर नॅट्रॅक्स हे सरकारी वाहनचाचणी केंद्र पसरलं आहे. त्यात ११.३ किलोमीटर लांबीचा, चार मार्गिकांचा, लंबगोल धावमार्ग आहे. जून २०२१ मध्ये तो खुला झाला तेव्हा अशा प्रकारचा आशियातला सर्वांत लांब मार्ग ठरला. त्याची वळणं आतल्या बाजूला अशी कलती बांधली आहेत की ताशी ३७५ किलोमीटर वेगातली गाडीही त्यांवर टिकावी.

२०२२ साली या मार्गावर उभ्या जागेवरून एक गाडी सुटली. पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर अंतर, तिनं ८.५५ सेकंदांत कापलं. अर्धा मैल झाला तेव्हा घड्याळात १३.३८ सेकंद झाले होते. त्याच मार्गावर तिनं ताशी साडेतीनशे किलोमीटरचा टप्पाही ओलांडला. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, कारण ती पूर्णपणे विजेवर चालणारी होती. तिचं नाव बॅटिस्टा. ती बनते इटलीत तुरिनजवळच्या कांबियानोत, आणि एकूण फक्त १५० बनवायच्या असं ठरलेलं. ताकद १९०० अश्वशक्ती.

आता या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, चोपड्याकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या रस्त्यांवर, ग्रामपंचायतीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे दिसणारी बोलेरो. तिची ताकद ७६ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे एका बॅटिस्टात पंचवीस बोलेरो कोंबलेल्या आहेत. आणि खरं नवल पुढेच आहे. या दोन्ही गाड्यांचं घराणं एकच. बॅटिस्टा बनवणारी ऑटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी महिंद्रा समूहानं २०१८ मध्ये उभी केली. त्याआधी, २०१५ च्या डिसेंबरात, या समूहानं पिनिनफारिना हे इटलीतलं १९३० पासूनचं डिझाइनघर विकत घेण्याचा करार केला होता. ट्रॅक्टर, पिकअप आणि बोलेरो विकणाऱ्या घरात जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक जन्माला आली.

कशासाठी? पंधरा-वीस लाखांच्या गाड्या लाखोंनी विकणाऱ्या कंपनीनं मूठभर लोकांसाठी वेगवान गाडी का बनवावी? बनवलीच तर तिचा खर्च कोण सोसतं? आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा गाड्या उरतील का? या प्रश्नांचा माग काढताना मोटारधंद्याचा अख्खा हिशेबच उलगडत जातो.

गाडी म्हणजे पत्रा, रबर, काच आणि लोखंड असं आपल्याला वाटतं. पण नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च ती रस्त्यावर यायच्या आधीच होऊन गेलेला असतो. दरवाजाचा पत्रा दाबून काढायला पोलादी साचे लागतात. धंद्यात त्यांना डाय म्हणतात. बॉनेटचा डाय वेगळा, छताचा वेगळा, प्रत्येक दरवाजाचा वेगळा. मग कित्येक गाड्या मुद्दाम धडकवून त्यांच्या क्रॅश टेस्ट घ्यायच्या. इंजिनाच्या धुराची तपासणी, ब्रेकची तपासणी, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र. यातलं काहीही गाड्यांच्या संख्येवर ठरत नाही. पाचशे गाड्या विकायच्या असोत की पाच लाख, डाय तेवढेच लागतात आणि भिंतीवर धडकवायच्या गाड्याही तेवढ्याच.

समजा, या सगळ्याला ५०० कोटी रुपये लागले. पाच लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक गाडीवर दहा हजारांचा बोजा. खरेदीदाराला तो कळतही नाही. पाचशेच गाड्या खपल्या तर प्रत्येकीवर एक कोटी, आणि त्यात अजून टायरसुद्धा धरलेले नाहीत. स्पोर्ट्स कार महाग का असते याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे. ती सोन्याची नसते, तिला वाटेकरी कमी असतात.

म्हणून जगात ज्या कंपन्यांनी सामान्य गाड्या विकता विकता चांगल्या स्पोर्ट्स कार काढल्या, त्यांनी बहुतेक वेळा एकच युक्ती केली. घरातल्या साध्या गाडीचे अवयव घेतले. फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा अमेरिका वेडी झाली. तिच्या लांब बॉनेटखाली आणि नखरेल अंगाखाली बराचसा ऐवज फाल्कन या साध्यासुध्या घरगुती गाडीचा होता. दोन वर्षांच्या आत दहा लाख मस्टँग बनल्या. जपानच्या माझदानं १९८९ मध्ये एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी काढली. तिचं १.६ लिटरचं इंजिन मुळात माझदाच्या घरगुती गाडीच्या वंशातलं. फक्त ते आडवं न बसवता उभं बसवलं आणि ताकद मागच्या चाकांना दिली. वजन टनाच्या आत ठेवलं. तिच्यात ताकद फारशी नव्हती, पण हलकेपणा होता. वळणावर ती चालवणाऱ्याच्या मनगटाचं ऐकायची. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी खपलेली दुसरी गाडी नाही.

मला या गाडीचं फार मोल वाटतं. मोठ्या इंजिनाशिवाय, परवडेल अशा किमतीत वेगाचा आनंद देता येतो हे तिनं सिद्ध केलं, आणि ते सिद्ध करायला तिच्यामागे रोजच्या गाड्या विकणारी कंपनी खंबीर उभी होती.

आपल्याकडे अशी गोष्ट घडली का? घडली, आणि ती पुण्यात घडली. १९८८ मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, टाटामोबाइल नावाचा पिकअप आणला. तोवर ट्रकसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं हे हलक्या वाहनातलं पाऊल. त्याच पिकअपच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा आली. तीन दरवाजे, मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेली भलीमोठी काच, आत एसी, पॉवर विंडो. त्या काळात बाजारात फियाट, ॲम्बॅसेडर आणि मारुती होत्या. सिएराला स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही, पण ती गरजेपोटी घ्यायची गाडी मुळीच नव्हती. मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवावी लागे. खपही बेताचाच झाला.

पण तिच्या मागोमाग काय आलं ते पाहा. १९९२ मध्ये इस्टेट. १९९४ मध्ये सुमो, जिचं नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून ठेवलं. १९९८ मध्ये सफारी आणि त्याच वर्षाअखेरीस इंडिका. सुमोनं खानदेशात काय केलं हे इथल्या माणसाला सांगायला नको. धुळे-शिरपूर असो, जळगाव-पाचोरा असो, लग्नाचं वऱ्हाड असो की निवडणुकीचा प्रचार, दहा-बारा माणसं पोटात घेऊन सुमो धावली. त्या सुमोच्या आधी त्याच घरात सिएरा होती. शौकाची गाडी बनवताना कंपनी एसी बसवायला शिकली, गोल काच बसवायला शिकली, प्रवासी गाडीचं गिऱ्हाईक ट्रकवाल्यापेक्षा वेगळं असतं हे शिकली. खप बेताचा होता म्हणून सिएराला अपयशी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे नाव परत आणलं. आता पाच दरवाजे आहेत, पण मागच्या काचेची ती ओळख जपली आहे. चौतीस वर्षांनंतरही ज्या नावाला बाजारात किंमत येते ते नाव तोट्याचं कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट नाशिकची. महिंद्रानं १९४७ पासून जीप जोडायला घेतली. तिच्याच वंशातली थार २०१० मध्ये आली. तिची घडण म्हणजे उसनवारीचा उत्तम नमुना. अंगकाठी जुन्या जीपची, २.५ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन स्कॉर्पिओच्या घरातलं, पुढचं सस्पेन्शनही कुळातल्या मोठ्या गाड्यांचं. नवं फार थोडं. म्हणून ती कमी संख्येतही तगली. मग २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली. तिच्यावर मात्र कंपनीनं मनापासून खर्च केला. तरीही २.२ लिटरचं डिझेल आणि २ लिटरचं पेट्रोल इंजिन एकट्या थारसाठी नव्हतं. त्याच कुळातली इंजिनं स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही-७०० मध्येही बसतात. पहिल्या क्रमांकाची थार लिलावात १ कोटी ११ लाख रुपयांना गेली आणि ती रक्कम कोविडच्या मदतकार्याला दिली गेली.

थार ही स्पोर्ट्स कार आहे का, असं कोणी विचारेल. माझं उत्तर आहे, आपल्या रस्त्यांवरची तीच स्पोर्ट्स कार. युरोपातली शौकाची गाडी जमिनीला चिकटून धावते, कारण तिथला रस्ता तसा आहे. आपल्याकडे महामार्ग सोडून गावाच्या फाट्याला वळलं की शाळेपुढे एक गतिरोधक, मारुतीच्या देवळापुढे दुसरा, आणि पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी. इथे शौकाची गाडी उंचच असणार. तीन दरवाज्यांची थार कुटुंबाला गैरसोयीची, मागे चढायला अडचण, सामानाला जागा नाही. तरी ती घेतली जाते, आणि ज्या कारणासाठी परदेशात एमएक्स-५ घेतली जाते त्याच कारणासाठी. चौकात एमएच १८ किंवा एमएच १९ पासिंगची नवी थार येऊन थांबली की टपरीवरची पोरं ‘भारी गाडी शे भो’ म्हणत तिच्याभोवती फिरतात. बोलेरोभोवती कोणी फिरत नाही. आणि बोलेरो नसती तर थार उभीच राहिली नसती.

खानदेश-विदर्भाच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, हेच नातं दिसतं. ज्याच्या दावणीला पटाची जोडी असते, त्याच्याकडे नांगरणी-वखरणीची बैलं निराळी असतात. पटाच्या जोडीला औताला जुंपत नाहीत. तिचा खुराक वेगळा, मालीश वेगळी, आणि तो खर्च निघतो तो कापसातून, मक्यातून, म्हणजे औताच्या बैलांच्या कष्टातून. सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४ पासून शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं ती कायम केली. मधल्या वर्षांत शर्यत नव्हती, तरी अनेकांनी जोड्या विकल्या नाहीत. पटाची जोडी घराचं नाव करते. मात्र शेत गेलं, औताची बैलं गेली, तर पटाची जोडी दावणीला फार दिवस टिकत नाही.

शेत नसलेल्या स्पोर्ट्स कारचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म, फायबरग्लासच्या अंगाची, रेनोचं १.२ लिटर इंजिन असलेली दोनआसनी गाडी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. पुण्याकडे बनलेली डीसी अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिसली तेव्हा गर्दी उसळली होती. दोन्ही गाड्यांमागे हौस होती, कल्पकता होती, इंजिन बाहेरून आणण्याचं शहाणपणही होतं. पण गावोगावचं सर्व्हिस सेंटर नव्हतं, सुट्या भागांचं जाळं नव्हतं, वाईट वर्षात पोसणारी दुसरी गाडी नव्हती. दोन्ही थांबल्या.

आणि सगळं असूनही थांबलेली एक गाडी आहे. तिच्याबद्दल लिहिताना आजही हळहळ वाटते. मार्च २०१७, जिनिव्हाचा मोटार शो. टाटांनी टॅमो या नव्या नावाखाली रेसमो नावाची दोनआसनी गाडी मांडली. दरवाजे वर उघडणारे, इंजिन आसनांच्या मागे, उंची जेमतेम चार फूट. रेखाटन टाटांच्या तुरिनमधल्या स्टुडिओचं. इंजिन होतं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल रेव्होट्रॉन, म्हणजे त्याच वर्षी आलेल्या नेक्सॉनच्या नात्यातलं. नेक्सॉनमध्ये ११० अश्वशक्ती देणारं हे कूळ इथे १९० पर्यंत ताणलं होतं. शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत, असा दावा. फोर्झा होरायझन ३ या व्हिडिओ गेममध्येही ती होती. जगभरातली मुलं पडद्यावर टाटांची स्पोर्ट्स कार चालवत होती.

रेसमोची खरी करामत तिच्या सांगाड्यात होती. वर ज्या डायच्या खर्चाचा हिशेब मांडला, तोच टाळण्यासाठी टाटांनी मोफ्लेक्स नावाची रचना आणली. वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना जोडून बनवलेला सँडविचसारखा सांगाडा. मोठमोठे प्रेस आणि साचे न वापरता थोड्या गाड्या स्वस्तात बनवता याव्यात, म्हणजे तो भागाकारच मुळातून बदलावा, असा हा प्रयत्न. सुरुवातीला अडीचशे गाड्यांची चर्चा होती. मग कंपनीनं खर्चाला कात्री लावायचं आणि खपाच्या गाड्यांवर लक्ष द्यायचं ठरवलं, आणि रेसमो बासनात गेली.

निर्णय चुकला का? हिशेबाच्या वहीत नाही. त्यानंतर नेक्सॉन, हॅरियर, पंच यांनी कंपनीला प्रवासी गाड्यांच्या बाजारात पुन्हा उभं केलं. रेसमोवर लागणारे हात आणि पैसे तिकडे लागले. तरी माझ्या मते नुकसान झालंच. थोड्या संख्येत स्वस्त गाडी बनवण्याची एक भारतीय पद्धत आकार घेत होती, ती अर्ध्यात सुटली. एक गंमत अशी की सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के लागले. रेसमोची लांबी चार मीटरच्या आत होती आणि इंजिन बाराशे सीसीच्या आत. आज ती आली असती तर कराच्या दृष्टीनं छोटी गाडी ठरली असती.

आता वीज येते आणि सगळा डाव नव्यानं मांडते.

पेट्रोल इंजिनाला जोर यायला फेरे वाढवावे लागतात. हवा ओढायची, इंधन मिसळायचं, ठिणगी, स्फोट, गिअर बदल. विजेच्या मोटरला यातलं काही नको. चुंबकीय क्षेत्र तयार झालं की पहिल्याच फेऱ्याला पूर्ण जोर. म्हणून विजेच्या गाडीत झेप स्वस्त झाली आहे. महिंद्राची बीई ६ घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आली, चाकणला बनते. मोठ्या बॅटरीच्या बीई ६ मध्ये मागच्या चाकांवर २८६ अश्वशक्तीची मोटर आहे आणि शून्य ते शंभरला ६.७ सेकंद पुरतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एवढी झेप हवी असेल तर परदेशी नावं शोधावी लागत.

त्याहून मोठी गोष्ट तिच्या तळाशी आहे. खाली सपाट बॅटरी, मागे मोटर, चार चाकं, आणि हे सगळं मिळून एक पाया. महिंद्रा त्याला इंग्लो म्हणते. त्याच पायावर एक्सईव्ही ९ई ही मोठी, कुटुंबाची गाडी बसते आणि त्याच पायावर धारदार चेहऱ्याची, कॉकपिटसारखी बैठक असलेली बीई ६. बॅटरी तीच, मोटर तीच, वेगळं आहे ते अंग आणि स्वभाव. मस्टँगनं फाल्कनकडून जे घेतलं त्याहून कितीतरी जास्त इथे एक गाडी दुसरीकडून घेऊ शकते. उसनवारी हा आता शेवटचा उपाय राहिलेला नाही, रचनाच तशी आहे. बॅटिस्टासुद्धा याला अपवाद नाही. तिची बॅटरी आणि चार मोटरींची यंत्रणा क्रोएशियाच्या रिमाक कंपनीकडून आलेली आहे, जिची स्वतःची नेव्हेरा त्याच ताकदीवर धावते. १५० गाड्यांसाठी असली यंत्रणा शून्यापासून बनवायला कोणतंही घर पुरलं नसतं.

बीई ६ ची बॅटमॅनच्या नावाची खास आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आधी ३०० गाड्या ठरल्या होत्या, मग ९९९ केल्या, आणि बुकिंग उघडल्यावर १३५ सेकंदांत त्या संपल्या. आतून ती बीई ६च होती. रंग वेगळा, चाकं वेगळी, जागोजागी चिन्हं. अशा खास आवृत्त्यांना मी कमी लेखत नाही, त्या गिऱ्हाइकाची भूक दाखवतात. पण कंपनीनं तेवढ्यावर भागवलं तर वाईट वाटेल. रंगानं गाडीचा स्वभाव बदलत नाही.

विजेनं जे दिलं त्याची किंमतही घेतली आहे, आणि ती म्हणजे वजन. एमजीची सायबरस्टर ही उघड्या टपाची, दोनआसनी विजेची गाडी जुलै २०२५ मध्ये भारतात आली ती ७४.९९ लाखांना. ५१० अश्वशक्ती आणि शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत. रोजच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीनं भारतात अशी गाडी आणली याचं मनापासून कौतुक वाटतं. पण ती भरते जवळपास दोन टन, म्हणजे एमएक्स-५च्या दुप्पट. सरळ रस्त्यावर मोटर हे वजन लपवते. वळणावर आणि ब्रेक मारताना ते लपत नाही.

आणि ऊन. भुसावळ-जळगावला एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह ओढला की ती तापते. बाहेरची हवाच भट्टीसारखी असेल तर उष्णता टाकायची कुठे? म्हणून अशा गाडीत बॅटरीभोवती थंड द्रव फिरवावा लागतो. तापमान मर्यादेपलीकडे चाललं की गाडीचा संगणक आपणहून जोर कमी करतो. एकदा झेप घेणं सोपं, पाठोपाठ दहा वेळा तशीच झेप घेणं अवघड. युरोपच्या थंडीत जुळवलेली गाडी इथे आणून चालत नाही, खानदेशचा उन्हाळा ही तिची परीक्षा आहे. उद्याची भारतीय स्पोर्ट्स कार इथल्या उन्हात तपासली जावी असं मला मनापासून वाटतं.

मग पुढे काय? जगातल्या मोठ्या कंपन्या दोन वाटांनी चालल्या आहेत. एक वाट भागीदारीची. टोयोटाची जीआर८६ सुबारूच्या साथीनं बनली, सुप्रा बीएमडब्ल्यूच्या झेड४ सोबत. दोन घरांनी मिळून एक पटाची जोडी सांभाळायची. दुसरी वाट थोडा माल बाहेरून आणण्याची. भारतात एका कंपनीला वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथली पूर्ण तपासणी नव्यानं न करता आयात करता येतात. स्कोडानं २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या त्या याच सवलतीवर. हौशी माणसाची सोय होते, पण त्यातून इथले हात काही शिकत नाहीत.

तिसरी वाट आपल्याच कारखान्यांतून जाते आणि मला तीच खरी वाटते. थारनं ती दाखवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासाभरात १,७६,२१८ गाड्या नोंदवल्या गेल्या. मूठभरांसाठी सुरू झालेली गाडी कंपनीच्या मुख्य गाड्यांपैकी एक झाली. यशाचा एक परिणाम असा की शौकाची गाडी मग शौकाची राहत नाही. दरवाजे वाढतात, डिकी वाढते, ती घरची होते. म्हणून तिच्या जागी पुढची वेडी गाडी आली पाहिजे, आणि ती थारच्या नफ्यातून आली पाहिजे. आपल्या चार पदरी महामार्गावर कारला ताशी फार तर शंभरची मर्यादा आहे, द्रुतगती मार्गावर एकशेवीसची. तिला साडेतीनशेचा वेग नको. तिला वजन कमी हवं, उन्हात दम हवा, गतिरोधक ओलांडण्याइतकी उंची हवी आणि किंमत वीस लाखांच्या आत हवी. विजेचा सामायिक पाया आणि मोफ्लेक्ससारखी थोड्या संख्येला परवडणारी बांधणी एकत्र आली तर हे अशक्य नाही. दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातल्याच दोन कंपन्यांनी करून दाखवल्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी.

ज्या पीथमपूरला बॅटिस्टा धावली, तिथेच २००७ पासून बाजा एसएई इंडिया ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आली आहे. मुलं स्वतः आरेखन करून, स्वतः वेल्डिंग करून एकआसनी गाडी बनवतात आणि दगड-चिखलातून पळवतात. पेट्रोल गटात सगळ्या संघांना दहा अश्वशक्तीचं एकाच बनावटीचं इंजिन वापरावं लागतं. मोठं इंजिन लावून जिंकायची सोय नाही. जो सांगाडा हलका करेल, सस्पेन्शन नीट जुळवेल, गाडी शेवटपर्यंत टिकवेल, तो जिंकतो. मूठभरांसाठीची गाडी परवडेल अशी कशी बनवायची, याचा इतका थेट धडा दुसरीकडे मिळणार नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत आणि धुळ्याहून पीथमपूर चार-पाच तासांवर आहे. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत गाड्यांचं वेड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर थारचा फोटो मोबाइलवर ठेवू दे, पण एकदा त्या मुलाला-मुलीला ही स्पर्धा दाखवून आणा, आणि कॉलेजात संघ नसेल तर तो उभा करायला प्राचार्यांच्या मागे लागा.